मामा तलावातले झिंगे, नागपूरचे लाल झिंगे आणि न दिसलेली पिल्लं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. दर्यापूर तालुक्यात तुमच्या घरी दोन फुटी काचेची टाकी आहे, साधारण ६० लिटरची. दिवाळीनंतर नागपूरहून दहा लाल चेरी झिंगे आणले. संक्रांतीला सासुरवाडीला, साकोलीकडे गेलात तेव्हा मामा तलावातले (माजी मालगुजारी तलावातले) तीसेक पारदर्शक झिंगे कॅनमध्ये भरून आणले आणि त्याच टाकीत सोडले. त्यातल्या चार-पाच माद्यांच्या पोटाशी अंडी दिसली, तीन आठवड्यांत अंडी गायब झाली, पण पिल्लू एकही दिसलं नाही. लाल झिंगे दहाचे चार उरले. त्या चारातल्या एकीच्या मानेवर पिवळा डाग आलाय, तो रोग आहे का, आणि या सगळ्यांची पैदास कशी करायची, असा तुमचा प्रश्न. टाकीत आरोग्य केंद्रातून आणलेले सहा गप्पी मासेही आहेत, हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात.

आधी पिवळ्या डागाचं सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. तो रोग नाही. चेरीची मादी वयात आली की डोक्याच्या मागे, पाठीवर, खोगीर टाकल्यासारखा पिवळा किंवा हिरवट पट्टा दिसतो. ते तिचं अंडाशय. अंडी तिथं तयार होतात, मग ती कात टाकते, नर जमतात आणि अंडी पोटाखाली उतरतात. म्हणजे एवढ्या गोंधळातही तुमची एक मादी पैदाशीला तयार आहे.

आता पैदाशीचं. "पैदास कशी करू" हा प्रश्न तुमच्या बाबतीत दुसरा आहे. पहिला प्रश्न, टाकीत नेमकं आहे काय? तुम्ही दोन वेगळ्या कुळांतले प्राणी एका घरात ठेवलेत आणि दोघांनाही झिंगा म्हणताय. आपल्या भाषेत बारक्या सुकटीपासून मोठ्या जंबोपर्यंत सगळं झिंगाच, त्यामुळे चूक तुमची नाही. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. लाखनी तालुक्यात माझी धानाची शेती आहे आणि मागच्या पडवीत आज चौदा टाक्या आहेत. पहिली टाकी तलावातल्या झिंग्यांचीच होती. आई म्हणायची, "एवढे वांग्यात टाकले असते तं दोन टाइमची भाजी झाली असती." पहिल्या वर्षाचा निकाल बघता तिचंच खरं होतं.

ओळखताना रंगावर जाऊ नका. चेरीचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी, मूळ तैवान-चीनकडचं. रानात ते तपकिरी, मळकट, अर्धपारदर्शक असतं. लाल, पिवळा, निळा हे रंग माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून पक्के केलेत. लाल आणि निळे एकत्र ठेवले तर काही पिढ्यांत पोरं पुन्हा मळकट निघतात, आणि ती काचेतून बघितली तर तलावातल्या झिंग्यासारखीच वाटतात. म्हणून हात बघायचे.

रात्री दिवा बंद करून अर्ध्या तासानं मोबाइलचा टॉर्च काचेला बाजूनं लावा. चेरी एका पानावर बसलेली असेल आणि पुढचे चार आखूड हात भराभर तोंडाकडे नेत असेल. एक हात गेला की दुसरा, धान निवडणाऱ्या बाईसारखा. नीट बघितलं तर प्रत्येक हाताच्या टोकाला केसांचा झुपका दिसेल, दाढीच्या ब्रशसारखा. त्या ब्रशनं ती पानावरचा बुळबुळीत थर खरवडते. तिला काही पकडता येत नाही, मारता येत नाही. निओकॅरिडिना आणि कॅरिडिना या दोन्ही वंशांची हीच खूण. आपल्या देशी पाण्यातही कॅरिडिनाच्या जाती आहेत. कॅरिडिना बबॉल्टी ही भारतातलीच, बुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१८ मध्ये तिचं वर्णन केलं. आज परदेशी दुकानांत तिचे हिरवे झिंगे विकले जातात.

आता तलावातला बघा. त्याचे पुढचे दोन हात बारीक पण लांब असतील, चालताना समोर काठीसारखे धरलेले, आणि टोकाला ब्रश नाही, चिमटा. डोक्यावरचा करवतीसारखा काटा लांब, पुढे जाऊन वर वळलेला. असं दिसलं तर तो मॅक्रोब्रॅकियम वंशातला. आपल्या नद्या-तलावांत सर्रास मिळणारा लहान झिंगा म्हणजे मॅक्रोब्रॅकियम लमार्री. तुम्ही पाठवलेल्या फोटोत काटा वर वळलेला दिसतोय, म्हणून माझा कौल तिकडे आहे. पण तलावातून जाळीत एका जातीचे झिंगे येत नाहीत. तिसातले दोन-चार कॅरिडिनाही असू शकतात, आणि जंबोचं पिल्लूही असू शकतं. एकेकाचे हात बघूनच वेगळे करावे लागतील.

हातांइतकीच पक्की खूण अंड्यांची, आणि तुमच्या न दिसलेल्या पिल्लांचं उत्तर तिथंच आहे. चेरीच्या मादीकडे वीस-तीस अंडी असतात, पण प्रत्येक मोठं, जवळजवळ एक मिलिमीटरचं, साध्या डोळ्यांनी मोजता येईल असं. त्यातून निघणारं पिल्लू जन्मतःच आईची छोटी प्रत असतं. दोन मिलिमीटरचं, पण चालणारं, खरवडून खाणारं. याउलट ज्या जातींची अंडी बारीक आणि पुष्कळ, त्यांतून पिल्लू नाही, अळी निघते. ती पाण्यात उलटी, डोकं खाली करून तरंगते, कात टाकत टाकत रूप बदलते आणि मग कुठं झिंगा होते. जंबो, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीच्या अळीला तर मचूळ पाणी लागतं, लिटरमागे साधारण १२ ग्रॅम क्षाराचं. म्हणून आपल्या तलावात जंबो सोडला तर वाढतो, पण त्याची पुढची पिढी तलावात होत नाही, बीज दरवेळी हॅचरीतून आणावं लागतं. दुकानात मिळणारा अमानो नावाचा झिंगाही तसाच. अंडी धरतो, पण गोड्या पाण्यात त्याची अळी जगत नाही.

लमार्री गोड्या पाण्यातच सगळं उरकतो. पण त्याच्या अळ्यांनाही सुरुवातीचे दिवस तरंगत काढावे लागतात, आणि तुमच्या टाकीत वर सहा गप्पी फिरताहेत. आरोग्य केंद्रवाले गप्पी कशासाठी वाटतात? डासांच्या अळ्या खायला. झिंग्याची अळी त्याला वेगळी वाटण्याचं कारण नाही. शिवाय स्पंज न लावलेला फिल्टर असेल तर उरलेल्या त्यात ओढल्या गेल्या असतील. तुमची पिल्लं झाली होती. तुम्हाला दिसायच्या आधीच ती संपली.

आणि लाल झिंगे? इथं मी खात्रीनं एकच कारण सांगणार नाही, कारण तुमच्याकडे दोन कारणं एकाच वेळी हजर आहेत. एक म्हणजे चिमटेवाले. लमार्री काही वाघ नाही, धडधाकट चेरीच्या मागे तो सहसा लागत नाही. पण झिंग्यानं कात टाकली की अंग लोण्यासारखं मऊ असतं. त्या रात्री तो आयता सापडतो. दुसरं कारण पाणी, आणि माझा संशय त्याच्यावर जास्त आहे.

तुम्ही लिहिलंय, टाकी गावातल्या आरओच्या कॅननं भरली आणि पाणी आटलं की हापशाचं टाकता. तुमचा भाग खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या हापशाचं पाणी जिभेला कळण्याइतकं खारट, टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये, हजाराच्या पुढे सहज जातो. आरओचं पाणी त्याच्या उलट, त्यात क्षार नावालाच. झिंग्याला कवच बांधायला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, ते निव्वळ आरओत नाही. मग वरून एकदम दोन बादल्या हापशाचं. अशा झटक्यात झिंगा अवेळी कात टाकायला जातो आणि अर्ध्यात अडकतो. मेलेल्या झिंग्याच्या डोक्यामागे, पाठीभोवती आडवी पांढरी रेघ दिसली होती का, आठवून बघा. दिसली असेल तर हेच कारण.

चेरीला काय लागतं त्याचे आकडे देतो. टीडीएस १५० ते ३००, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) ६ ते ८, केएच (कार्बोनेटचा जडपणा) २ ते ५, पीएच साडेसहा ते पावणेआठ. पण आकड्याच्या मागे लागून रोज काहीतरी ओतू नका. ३२० वर स्थिर असलेली टाकी १८० आणि ४०० मध्ये झोके घेणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी बरी. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. मात्र तो एकूण क्षार सांगतो, कोणते ते सांगत नाही. खारपाणातला आकडा बराचसा मिठाचा असतो, त्यात आरओ मिसळून २५० वर आणलं तरी कवचाचा माल पुरेसा असेलच असं नाही. म्हणून जीएचची किटही हवी.

तुमच्याकडे धरणावरच्या योजनेचं नळाचं पाणी येत असेल तर मी तेच वापरीन. ते पावसाचं साठवलेलं पाणी, खारपाणाशी त्याचा संबंध नाही. फक्त त्यात टीसीएल पावडरचं क्लोरीन असतं. उघड्या बादलीत एक दिवस उन्हात ठेवायचं किंवा हायपोचे खडे टाकायचे. नळ नसेल तर आरओचं पाणी घेऊन त्यात झिंग्यांसाठी मिळणारे जीएचचे क्षार मोजून मिसळा. एक पुडी वर्षभर जाते. आणि लक्षात ठेवा, पाणी बदलताना क्षार मिसळलेलं, पण आटलेलं भरून काढताना निव्वळ आरओचं किंवा पावसाचं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. भर घालताना पुन्हा क्षाराचं टाकलं की महिन्याभरात टीडीएस दुप्पट.

आता ज्यानं माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते सांगतो. त्या वर्षी धानावर तुडतुडे होते, दुपारपर्यंत मी फवारत होतो. घरी येऊन साबणानं हात धुतले, जेवलो, आणि एका टाकीतला दगड कलंडला होता तो सरळ करायला कोपरापर्यंत हात घातला. सदरा तोच होता, बाही भिजली. चार वाजता झिंगे वेड्यासारखे काचेवर आपटत पोहायला लागले. मग एकेक आडवा पडून पाय झाडू लागला. रात्रीतून दीडशेच्या वर गेले. त्याच टाकीतले मासे जणू काही घडलंच नाही असे फिरत होते. कीटकनाशक किड्यासाठी बनवलेलं असतं आणि झिंगा हा किड्याचाच चुलत भाऊ. माशाला न कळणारी मात्रा त्याला पुरते. तुमच्या घरात कापूस आहे, हरभरा आहे. घाटेअळीची फवारणी झाली त्या आठवड्यात लाल झिंगे मेले का, तेही ताडून बघा. फवारणीच्या दिवशी टाकीला हात लावायचा नाही, पंप-डबे त्या खोलीत ठेवायचे नाहीत. ग्रामपंचायतीची धूरफवारणी आली की टाकीवर ओलं कापड आणि एअर पंप तासभर बंद, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ओढतो. कूलरच्या किंवा हौदाच्या पाण्यात आरोग्यसेवक अळीनाशक टाकून जातात, ते पाणी टाकीत कधीच नको. आणि मोरचूद तर नाहीच. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, बाटलीवर वाचल्याशिवाय एक थेंब टाकू नका.

पैदाशीची मांडणी त्यामानानं सोपी. गप्पी हौदात हलवा. चिमटेवाले वेगळ्या टाकीत किंवा टबात घाला. त्या ६० लिटरमध्ये फक्त लाल ठेवा, आणि चारावर पैदास धरू नका, त्यात नर आहे की नाही तेच माहीत नाही. नर लहान, फिका, पोटाची खालची रेघ सरळ. मादी मोठी, गडद, पोटाची रेघ खाली फुगलेली. अजून दहा-बारा घ्या, एकाच रंगाचे. क्रिस्टल रेडच्या नादी सध्या लागू नका, जपानमध्ये निवडून तयार झालेला तो कॅरिडिना मऊ, आम्ल, थंड पाणी मागतो. आपल्या भागात तो म्हणजे एसी लावून पाळायचा पाहुणा.

टाकी नव्यानं लावणार असाल तर झिंगे सोडण्याआधी महिना-दीड महिना नुसती चालू ठेवा. त्या काळात अमोनिया खाणारे जिवाणू बसतात आणि काचेवर, दगडावर तो बुळबुळीत थर धरतो. तो थर हेच पिल्लांचं दूध. काच रोज चकाचक पुसणाऱ्या माणसाकडे पिल्लं जगत नाहीत, हे मी बऱ्याच घरी बघितलंय. मागची आणि बाजूची काच हिरवी होऊ द्या. जावा मॉस या पाणवनस्पतीचा एक गोळा, देशी बदामाची दोन वाळलेली पानं आणि एअर पंपावरचा स्पंज फिल्टर, एवढं पुरे. तलावातलं हायड्रिला आणायचं असेल तर आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून झटका. त्यातून चतुराची अळी आली तर ती एकटी महिन्यात पिल्लांची पंगत उठवते.

नवे झिंगे सोडताना मेडिकलमधून सलाईनचा नवीन सेट आणा. झिंग्यांची पिशवी छोट्या बादलीत मोकळी करायची, टाकीतून नळी लावायची आणि चाकानं सेकंदाला दोन थेंब धरायचे. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे तासाला ३६० मिलिलिटर. पिशवीत लिटरभर पाणी असेल तर ते दुप्पट व्हायला पावणेतीन तास लागतील. लागू द्या. नागपूरहून आणलेले तुमचे पहिले दहा तुम्ही दहा मिनिटांत ओतले असणार.

मादीनं अंडी धरली की साधारण तीन ते चार आठवडे. त्यात ती पोटाखालचे पाय सारखे हलवत अंड्यांना पाणी घालत राहते. पिकत आलेल्या अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. तेव्हापासून पाणी बदलायचं नाही. मादीला वेगळ्या डब्यात काढायचीही गरज नाही, चेरी स्वतःची पिल्लं खात नाही. खाणं आठवड्यातून तीनदा पुरे: उकडलेल्या पालकाचं एक पान, दुधीची चकती, किंवा न फवारलेल्या तुतीचं वाळलेलं पान. पालक-दुधी उरला तर दोन तासांत काढून टाकायचा, वाळलेली पानं राहू द्यायची. पिल्लं अडीच-तीन महिन्यांत वयात येतात.

पण हे सगळं कधी? तुम्ही लिहिताय होळीच्या तोंडावर, आणि आपल्याकडे झिंग्यालाही हंगाम असतो. चेरीला २० ते २७ अंश मानवतं. त्याच्या पुढे पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि तिशीच्या वर माद्या अंडी टाकून देऊ लागतात. मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद खोलीतली टाकी ३५ ला जाते. माझ्याकडे पैदास होते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात मी फक्त जीव राखतो. टाकी जमिनीलगत, उत्तरेच्या भिंतीला, वरचं झाकण काढून जाळी, आणि पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा. आपली हवा कोरडी असल्यानं नुसत्या बाष्पीभवनानं तीन-चार अंश उतरतात, माठाचंच तत्त्व. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं, ते आरओनं भरायचं. पावसाळा लागला की पंख्याचा उपयोग संपतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. मेच्या दुपारी चार तास पंप बंद राहिला तर सकाळी मोजायला काही उरत नाही.

म्हणून नवे झिंगे आत्ता आणू नका. आहेत ते चार लाल जूनपर्यंत पोचवा, तेवढ्यात टाकी मुरेल. दिवाळीच्या आसपास दहा-बारा आणा, पुढच्या संक्रांतीला मॉसमध्ये टॉर्च मारून बघा.

तलावातल्यांचं काय करायचं ते तुमच्यावर. ठेवायचे असतील तर टबात हायड्रिला भरून, मासे न घालता ठेवा, अंड्यांची मादी दिसली की तिला तिथंच राहू द्या आणि पाणी थोडं हिरवं होऊ द्या. अळ्या खरंच जगवता आल्या तर मला जरूर कळवा, माझ्याकडे दोनदाच जमलंय, तेही पावसाळ्यात, अंगणातल्या सिमेंटच्या हौदात. फक्त एक करू नका. लाल झिंगे कंटाळून तलावात किंवा नदीत सोडू नका. जर्मनीत वीजकेंद्राचं कोमट पाणी जाणाऱ्या ओढ्यात हेच निओकॅरिडिना सुटून कायमचे वसलेत, आणि आपल्या तलावाचं पाणी तर बारा महिने कोमटच.

आज रात्री टॉर्च लावाल तेव्हा हातांचे फोटो बाजूनं काढा, वरून नको. आणि हापशाच्या पाण्याचा टीडीएस मोजलात तर तो आकडाही लिहा.